घोट, खारं, पुन्हा घोट : व्हिएन्नात नवशिक्यांची वाइन-संध्याकाळ

दोनाऊकाठी (धागाकर्ती)

व्हिएन्नातल्या आमच्या मराठी कंपूत वाइनवरून दोन पक्ष आहेत. पहिल्याचं म्हणणं, "आंबट असते हो, त्यापेक्षा ताक काय वाईट?" दुसऱ्याला आवडते, पण कोणती आवडते विचारलं तर उत्तर येतं, "रेड." ज्या शहराच्या हद्दीतच सुमारे सहाशे हेक्टर द्राक्षमळे आहेत, ट्राममधून शेवटच्या थांब्यावर उतरलं की समोर वेली दिसतात, तिथे राहून एवढ्यावर भागवणं काही बरं नाही. म्हणून गेल्या शनिवारी दोन्ही पक्षांना घरी बोलावलं. अटी दोनच. रिकाम्या पोटी यायचं नाही आणि गाडी आणायची नाही.

मी यातली जाणकार नव्हे, हे आधीच सांगते. पण इथे राहून एक गोष्ट पक्की पटली आहे: ऑस्ट्रियन वाइन नुसती चाखू नये. ती खाण्याच्या बरोबरीनेच वाढलेली आहे. १७८४ साली सम्राट दुसऱ्या जोसेफने फर्मान काढून शेतकऱ्यांना आपण पिकवलेलं अन्न आणि आपली वाइन स्वतः विकायची मुभा दिली. त्यातून इथले हॉयरिगर उभे राहिले. मळेवाल्याच्या अंगणात लाकडी बाकं, दारावर पाइनच्या फांद्यांचा झुपका टांगलेला असला की आज उघडं आहे असं समजायचं, प्यायला घरची वाइन आणि खायला पाव, चरबी, चीज, खारवलेलं मांस, लोणचं, बटाट्याचं सॅलड. असल्या खारट-तेलकट ताटापुढे मऊ, गोडसर वाइन टिकणारच नाही. तिथे धारदार आंबटपणाच लागतो.

त्यामुळे मी बाटल्यांच्या आधी ताट ठरवलं. सोलेट्टी, म्हणजे इथल्या मीठ लावलेल्या खुसखुशीत काड्या, ज्या प्रत्येक ऑस्ट्रियन घरात पाहुण्यापुढे येतातच. लिप्टाउअर, म्हणजे टोपफेन नावाच्या ताज्या चीजमध्ये लोणी, पाप्रिका, कांदा, कॅरवे (जिऱ्यासारख्या दिसणाऱ्या बिया) घालून केलेलं नारिंगी लावण. फोरार्लबेर्ग प्रांताचं जुनं बेर्गकेझ, म्हणजे डोंगराळ भागातलं कडक चीज. स्पेक, म्हणजे खारवून धुरावलेलं डुकराचं मांस. खारवलेल्या भोपळ्याच्या बिया. व्हिनेगरमधल्या छोट्या काकड्या. राईचा पाव. पाहुण्यांनी न सांगता चकल्या, भडंग आणि बाकरवडी आणली, आणि खरी गंमत तिथेच झाली, पण ते पुढे.

पहिली बाटली व्हिएन्नाचीच, गेमिश्टर झात्स. एकाच मळ्यात निरनिराळ्या जातींच्या वेली मिसळून लावलेल्या असतात, त्यांची द्राक्षं एकत्र तोडून एकत्रच आंबवतात. नियम असा की किमान तीन जाती हव्यात आणि एकाच जातीचा वाटा निम्म्याहून जास्त नको. जुन्या शेतकऱ्याचा हा पीकविमाच: एका जातीचा मोहर थंडीने गेला तर दुसरी तरते. हलकी, ताजी, पहिल्या पक्षालाही नावं ठेवता येईनात अशी.

दुसरी ग्र्युनर फेल्टलिनर, ईशान्येकडच्या वाइनफिर्टेल भागातली. संध्याकाळचा सगळ्यात जास्त वेळ हिच्यावर गेला आणि जायलाच हवा, कारण देशातल्या एकूण द्राक्षलागवडीचा साधारण तिसरा हिस्सा ही एकच जात आहे. प्रत्येकाला सांगितलं, आधी काहीही न खाता एक घोट घ्या. चेहरे वाकडे झाले. "बघा, म्हटलं नव्हतं?" पहिला पक्ष खूश. मग सोलेट्टीवर लिप्टाउअर घेऊन खाल्लं आणि लगेच दुसरा घोट. टेबलावर क्षणभर कुणी बोललं नाही. तीच बाटली, तोच ग्लास, पण आंबटपणा मागे सरला आणि हिरवं सफरचंद, लिंबाची साल असं काहीतरी पुढे आलं. मीठ आणि स्निग्धपणा जिभेवर असला की आम्लाची धार बोथट वाटते, आणि ते आम्ल तोंडातला तुपकटपणा धुऊन पुढच्या घासाला जागा करतं. हे नुसतं वाचून त्यांना पटलं नसतं. एका काडीत पटलं.

ग्र्युनरची दुसरी खूण म्हणजे पांढऱ्या मिरीचा वास. ही कुणाची कविकल्पना नव्हे, रोटन्डोन नावाचं संयुग खऱ्या मिरीतही असतं आणि या द्राक्षाच्या सालीतही. काहींच्या नाकाला ते येतच नाही. आमच्यातल्या एकाला अजिबात आलं नाही, बाकीच्यांना आलं, आणि त्याने उरलेली संध्याकाळ सगळे मिळून आपली फिरकी घेताहेत अशा संशयात काढली.

तिसरी वाखाऊची रीझलिंग, फेडरश्पील. वाखाऊ म्हणजे मेल्क ते क्रेम्स हा दोनाऊ (डॅन्यूब) नदीचा पट्टा, दगडी बांधांच्या पायऱ्यांवर मळे, २००० सालापासून जागतिक वारसा यादीत. तिथे कोरड्या पांढऱ्या वाइनच्या तीन पायऱ्या आहेत: साडेअकरा टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलेली श्टाइनफेडर, साडेअकरा ते साडेबारा फेडरश्पील, आणि त्याच्या वरची स्मारागड. स्मारागड हे नाव बांधांवर ऊन खात पडणाऱ्या पाचूच्या रंगाच्या पालीवरून आलंय. खारवलेल्या बिया आणि बेर्गकेझबरोबर ही रीझलिंग मला त्या रात्री सगळ्यात आवडली. बहुमत मात्र चौथीला मिळालं, आग्नेयेकडच्या श्टायरमार्क प्रांतातल्या गेल्बर मुस्काटेलरला, कारण तिला चक्क द्राक्षाचा आणि एल्डरफुलाचा वास येतो. नवख्या माणसाला नाकाने ओळखता येईल असं काहीतरी मिळालं की तो खूश असतो.

मग "रेड" पक्षाची पाळी. त्स्वायगेल्ट थोडी गार करूनच दिली, साधारण पंधरा अंशांवर. चेरीसारखी, मऊ, स्पेकशी छान जमली. शेवटी ब्लाउफ्रेंकिश, मिटेलबुर्गेनलांडची, जरा गंभीर, टॅनिनवाली, म्हणजे तोंडाला तुरटपणा आणणारी. नेमकं तेव्हाच कुणीतरी भडंगाचा डबा उघडला. लसूण, मिरची, मूठभर भडंग आणि वर ब्लाउफ्रेंकिशचा घोट. अक्षरशः जाळ! वाइन कडू, भडंग दुप्पट तिखट, दोघांचंही वाटोळं. त्याच भडंगावर मुस्काटेलर घेतली तर बरी लागली. चकली-ग्र्युनर उत्तम. बाकरवडीवर एकमत झालं नाही.

तुमचे अनुभव लिहा. विशेषतः तिखटाबरोबर काय चालतं?

खारीबिस्कीट

वाखूसा (वाचनखूण साठवली)! असं उलगडून सांगितलेलं आवडलं. पुण्यात आम्हा चार मैत्रिणींना हे करून पाहायचंय. शंका: एका बाटलीत किती जणी? ग्लास वेगळे वेगळे लागतात का? आणि ग्र्युनर इथे मिळाली नाही तर?

दोनाऊकाठी

खारी, चाखायला प्रत्येकी अर्धी वाटीही नको. ७५० मिलीच्या बाटलीत पन्नास-पन्नास मिलीचे पंधरा भाग होतात. इथल्या हॉयरिगरात मागायचं माप आख्टरल, म्हणजे लिटरचा आठवा भाग, पण तेवढं प्रत्येक बाटलीचं घेतलं तर चौथ्या बाटलीला सगळ्याच वाइन सारख्याच चांगल्या लागायला लागतात. चौघींना तीन बाटल्या पुरून उरतील, उरलेली झाकण लावून फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस टिकते. ऑस्ट्रियन पांढऱ्या वाइनला बहुधा फिरकीचं झाकणच असतं, त्यावरून वाइन स्वस्तातली समजू नका. टेबलावर एक रिकामा डबा ठेवायचा, नको ते त्यात ओतायचं. त्यात अपमान कुणाचाच नाही.

ग्लास एकच पुरे, फक्त वर निमुळता हवा म्हणजे वास कोंडतो. मध्ये पाण्याने खळबळायचा. पांढऱ्या आठ-दहा अंशांवर, म्हणजे फ्रीजमधून काढून दहा मिनिटं बाहेर. बर्फासारखी गार असली तर वास बसतो आणि नुसतं आम्ल उरतं. पहिल्या पक्षातल्या निम्म्या लोकांची तक्रार मला वाटतं इथूनच सुरू झाली असावी.

भारतात परदेशी वाइनवर वर्षानुवर्षं दीडशे टक्के आयात शुल्क होतं, त्यामुळे तिथे ऑस्ट्रियन बाटलीचा हट्ट धरायचं कारण नाही. नाशिककडची कोरडी सोविन्यों ब्लां घ्या आणि घोट-खारं-घोट हा प्रयोग तिच्यावर करा. गोडसर शेनिन घेतलीत तर फरक तितका कळणार नाही.

द्राक्षवाला_निफाड

आमचा मळा आहे, बहुतेक खायच्या द्राक्षांचा, थोडी वाइनची जात. वरच्या लेखात आंबटपणाचं कौतुक आहे त्याची शेतातली बाजू सांगतो.

द्राक्ष पिकताना साखर चढते आणि आम्ल उतरतं. रात्री गार असल्या तर आम्ल सावकाश उतरतं. ऑस्ट्रियात काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, दिवसा ऊन आणि रात्री चांगला गारठा. आमच्याकडे पावसाळ्यानंतर छाटणी, मग थंडीतून पीक वाढवून जानेवारी ते मार्चमध्ये तोड. फेब्रुवारीत ऊन वाढायला लागलं की आम्ल धरून ठेवणं कठीण, चार दिवस इकडचे तिकडे झाले की रस सपाट लागतो. म्हणून वाइनवाले पहाटेच्या अंधारात तोडणी लावतात. त्यामुळे जे तुमच्या पहिल्या पक्षाला खुपतं ना, तेच मिळवायला इथे आमची झोप जाते.

बाकी मळ्यात निरनिराळ्या जाती मिसळून लावायच्या हे वाचून आमच्या वडिलांनी कपाळाला हात लावला. "फवारणी कशाच्या हिशोबाने करायची?"

दोनाऊकाठी

द्राक्षवाले, हा प्रतिसाद मूळ लेखाइतकाच मोलाचा. वडिलांना सांगा, इथेही बहुतेकांनी त्याच कंटाळ्याने मिश्र मळे काढून टाकले होते. नंतर काही व्हिएन्नाकर मळेवाल्यांनी हट्टाने ते परत आणले, २०१३ मध्ये त्याला संरक्षित दर्जा मिळाला आणि आता त्याच बाटल्या भाव खातात.

निर्व्यसनी_नाना

लेखनशैली चांगली. विषय पटला नाही. दारूला सफरचंदाचा नि मिरीचा वास लावला की ती संस्कृती होते का? जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट म्हटलंय की अल्कोहोलचं कोणतंही प्रमाण सुरक्षित नाही. आपली तरुण मुलं हे वाचतात.

दोनाऊकाठी

नाना, ते निवेदन मलाही माहीत आहे आणि त्यावर वाद नाही. कुणी पीत नसेल त्याने या धाग्यामुळे सुरू करू नये. टेबलावर न पिणारे दोघं होते, त्यांच्यासाठी ट्राउबेनझाफ्ट, म्हणजे न आंबवलेला द्राक्षरस ठेवला होता. इथल्या प्रत्येक हॉयरिगरात मिळतो. लिप्टाउअर त्यांनीच सगळ्यात जास्त संपवलं.

निर्व्यसनी_नाना

लिप्टाउअरची कृती द्या मग.

दोनाऊकाठी

घ्या. टोपफेन नसेल तर घट्ट चक्का, साधारण पाव किलो. त्यात शंभर ग्रॅम मऊ लोणी फेटायचं. बारीक चिरलेला छोटा कांदा, दोन चमचे गोड पाप्रिका, थोडी कुटलेली कॅरवे, चमचाभर मोहरीची पेस्ट, मीठ, असल्यास केपर्स. तासभर फ्रीजमध्ये मुरू द्यायचं. पाप्रिकाऐवजी काश्मिरी मिरची पूड घातली तर रंग येतो, पण निम्मीच घाला. कॅरवे अगदीच नसेल तर चिमूटभर शहाजिरं खपून जातं.

ग्राझची_मंजू

अगं, श्टायरमार्कला एका मुस्काटेलरवर गुंडाळलंस! निषेध.

आमच्याकडच्या बुशेनशांकमध्ये, म्हणजे आमच्या हॉयरिगरांत, कायद्यानेच थंड खाणं द्यायचं असतं, त्यामुळे खारट चखण्याचा खरा अभ्यास इथे होतो. एका लाकडी फळीवर सगळं येतं: स्पेक, खिमा करून कुटलेल्या चरबीचं फरहाकर्ट, चीज, किसलेलं हॉर्सरॅडिश, लोणचं. शाकाहारी असाल तर केफरबोननचं सॅलड मागा. मोठे, ठिपक्यांचे जांभळे घेवडे, कच्चा कांदा आणि वर भोपळ्याच्या बियांचं गडद हिरवं, भाजक्या वासाचं तेल. त्यावर सोविन्यों ब्लां घेऊन बघा. मला तर आपल्या कारळाच्या चटणीची आठवण होते त्या तेलाने.

आणि शिल्खर! पश्चिम श्टायरमार्कची गुलाबी वाइन, ब्लाउअर विल्डबाखर या जातीची. गुलाबी रंग बघून गोड असेल म्हणून घोट घेतलेला पाहुणा बघण्यासारखा असतो. तुझी ग्र्युनर तिच्यापुढे गरीब गाय. पण चरबीदार फळीसोबत तिच्याइतकं चोख काही नाही. तुझ्या पहिल्या पक्षाला आधी शिल्खर पाजायची, मग आयुष्यात कुठल्याच वाइनला आंबट म्हणणार नाहीत.

द्राक्षवाले, तुमच्यासाठी अवांतर: आमच्या मळ्यांत उंच खांबावर लाकडी पात्यांचा वारा-खुळखुळा असतो, क्लापोटेत्झ म्हणतात. वाऱ्याने फिरून टकटक वाजत राहतो, पाखरं उडवायला.

द्राक्षवाला_निफाड

पाखरं घाबरतात का खरंच? आमची चार दिवसांत सरावतात.

ग्राझची_मंजू

इथलीही सरावत असावीत, कारण बरेच जण वरून जाळीही टाकतात. क्लापोटेत्झ आता फोटोंसाठी जास्त.

तूपसाखर

मी शाकाहारी, क्वचित वाइन घेते. वाइन शाकाहारी असते ना? मागे कुणीतरी माशाचं काहीतरी असतं म्हणाल्यापासून मनात किंतु आहे.

दोनाऊकाठी

किंतु योग्य आहे. गढूळ वाइन निवळायला काही ठिकाणी अंड्याचा पांढरा बलक, दुधातलं केसीन, जिलेटिन किंवा माशाच्या फुग्यापासून केलेला पदार्थ वापरतात. तो गाळासोबत खाली बसतो आणि काढून टाकतात, पण ज्याला वर्ज्य त्याला वर्ज्यच. पांढऱ्या वाइनला बरेच जण बेन्टोनाइट नावाची मातीच वापरतात, तिथे प्रश्न नाही. युरोपात दूध आणि अंड्याचा अंश राहत असेल तर २०१२ पासून लेबलवर लिहावं लागतं, जिलेटिनचं मात्र लिहावं लागत नाही. म्हणून सरळ वीगन खूण असलेली बाटली घ्यायची, इथे भरपूर मिळतात.

वाइनपेक्षा चखण्याकडे जास्त लक्ष दे. पारंपरिक बेर्गकेझला दूध गोठवायला वासराच्या जठरातलं रेनेट लागतं, आणि बाहेरच्या लिप्टाउअरमध्ये कधी खारवलेले छोटे मासे कुटून घातलेले असतात. विचारून घे.

जुनी_बाटली

चांगला धागा. पण १९८५ चा उल्लेख नाही, तो हवा. त्या वर्षी काही ऑस्ट्रियन व्यापाऱ्यांनी वाइनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल मिसळल्याचं उघड झालं. पातळ वाइनला गोडवा आणि भरदारपणा यावा म्हणून. हे रसायन कारखान्यांत, गोठणरोधकात वापरायचं. जगभर बाटल्या परत गेल्या, निर्यात झोपली, ज्यांनी काहीच केलं नव्हतं ते छोटे मळेवालेही भरडले गेले.

त्यानंतर आलेला कायदा युरोपातल्या सगळ्यात कडक कायद्यांपैकी. आज ऑस्ट्रियन दर्जेदार वाइनच्या झाकणावर लाल-पांढरी-लाल पट्टी असते आणि लेबलवर सरकारी तपासणी क्रमांक. तो क्रमांक मिळवायला वाइन प्रयोगशाळेत जाते आणि चाखणाऱ्या मंडळापुढेही. नवशिक्याने दुकानात बाकी काही कळलं नाही तरी ती पट्टी बघावी. लेबलवर "ट्रोकन" म्हणजे कोरडी, साखर लिटरला बहुधा चार ग्रॅमपर्यंत, आम्ल पुरेसं असेल तर नऊपर्यंत चालते. "हाल्बट्रोकन" थोडी गोडसर. वाइनफिर्टेलच्या बाटलीवर डीएसी (त्या त्या प्रदेशाच्या खास वाइनचा संरक्षित दर्जा) लिहिलेलं असलं तर आत ग्र्युनरच, ही त्या प्रकारातली देशातली पहिली.

त्या भानगडीआधी मोठा बाजार स्वस्त गोड वाइनचा होता. नंतर स्वच्छ, कोरड्या वाइनने पत परत मिळवली. तुमच्या टेबलावरचा आंबटपणा हा त्या काळाची कमाई आहे, हॉयरिगरची नव्हे.

दोनाऊकाठी

इथे मात्र अर्धंच मान्य. वाखाऊच्या मळेवाल्यांनी बाहेरून साखर न घातलेल्या, कोरड्या वाइनसाठी आपली संघटना १९८३ मध्येच काढली होती, म्हणजे भानगडीच्या दोन वर्षं आधी. आणि हॉयरिगरातली साधी वाइन तेव्हाही कोरडीच असायची, ती परदेशी जातच नव्हती. ८५ ने एवढं केलं की जे शेतकऱ्याच्या अंगणात होतं ते सुपरमार्केटमध्ये आलं.

जुनी_बाटली

हे चालेल. त्स्वायगेल्टबद्दलही एक ओळ. ही जात १९२२ मध्ये क्लोस्टरनॉयबुर्गला फ्रिट्झ त्स्वायगेल्ट यांनी सांक्ट लॉरेंट आणि ब्लाउफ्रेंकिश यांच्या संकरातून काढली. देशातली सगळ्यात जास्त लावली जाणारी काळी जात. पण हे गृहस्थ कट्टर नाझी होते, त्यामुळे वाइनचं नाव बदला अशी मागणी अधूनमधून होते आणि काही जण लेबलवर रोटबुर्गर हे पर्यायी नाव छापतात.

श्टुटगार्टचा_शिरपा

तिखटाबद्दल. अल्कोहोल आणि टॅनिन दोन्ही मिरचीची आग वाढवतात, म्हणून भडंग-ब्लाउफ्रेंकिशचं तसं झालं. माझा अनुभव असा की तिखटाला थोडी साखर आणि कमी अल्कोहोल. हाल्बट्रोकन रीझलिंग, दहा-अकरा टक्क्यांची. मिसळीबरोबरही लावून पाहिली आहे, शपथेवर सांगतो, जमते.

ग्राझची_मंजू

मिसळीबरोबर वाइन? पोलीस बोलवा कुणीतरी.

कांदाभजी

मिसळीवर पाव आणि ताक, विषय संपला. पण भजी-ग्र्युनरवर माझं मत आहे. गरम कांदाभजी, ओवा घातलेली, वर मीठ भुरभुरून, मिरची बाजूला. तळलेलं, खारट, थोडं गोडसर कांद्यामुळे. इथे ग्र्युनरला तोड नाही. व्हिएन्नातले लोक तळलेल्या श्नित्सेलबरोबर (पावाच्या चुऱ्यात घोळवलेला मांसाचा तुकडा) तीच पितात, तर्क एकच.

दोनाऊकाठी

भजीचा तर्क शंभर टक्के. कोथिंबीर वडीचाही तोच असावा, पुढच्या वेळी करणार. अळूवडीचं सांगता येत नाही, चिंच-गुळामुळे कोरडी वाइन त्यापुढे रिकामी वाटेल. बाकरवडीचं नेमकं तेच झालं होतं: गोड-आंबट-तिखट तिन्ही एकदम, त्यामुळे कोरड्या सगळ्या पडल्या आणि फक्त शेवटची गोड टिकली. ती मूळ लेखात राहिलीच. बुर्गेनलांडची बेरेनआउसलेझे, छोटी बाटली, निळ्या बुरशीच्या चीजसाठी आणली होती. तिथला नॉयझिडलर तलाव माणसाच्या उंचीइतकाही जेमतेम खोल, शरद ऋतूत त्यावरून धुकं येतं, द्राक्षांवर बोट्रायटिस बुरशी चढते, पाणी उडून साखर दाट होते. खारट चीज आणि ही वाइन हा जगभर मान्य मेळ आहे. बाकरवडी आणि ही वाइन याला मान्यता मिळायची आहे.

जुनी_बाटली

त्याच तलावाकाठच्या रुस्ट गावाने १६८१ मध्ये सम्राट लिओपोल्डला ६०,००० सोन्याचे गुल्डेन आणि असल्याच गोड वाइनचे ५०० आयमर (जुनं माप) देऊन स्वतंत्र नगराचा दर्जा मिळवला. तेव्हा तुमच्या बाकरवडीला शाही पाठबळ आहे म्हणा.

खारीबिस्कीट

आमचं ठरलं, पुढचा रविवार. ताटात चकली, कांदाभजी, चक्क्याचं लिप्टाउअर, खारे दाणे. भडंगावर बंदी.

फिरस्ती_सदा

सप्टेंबरअखेर आईबाबांना घेऊन तीन दिवस व्हिएन्नात आहे. बाबांना वाइन चाखायची आहे, आईला नाही, तिला फक्त बसायला छान जागा हवी. गाडी नाही. कुठे जाऊ? ग्रिन्झिंग ऐकलंय.

दोनाऊकाठी

सदा, ग्रिन्झिंगला ३८ नंबरची ट्राम जाते, पण तिथे पर्यटकांच्या बसगाड्या फार. मी असते तर ३१ ने श्टामर्सडोर्फ गाठलं असतं किंवा डी ट्रामने नुसडोर्फ. नुसडोर्फहून मळ्यांतून चढण आहे, बाबांचे गुडघे बघून ठरवा. श्टामर्सडोर्फ सपाट आणि घरगुती. निघण्याआधी कोण कधी उघडं आहे ते बघून घ्या, छोटे हॉयरिगर काही आठवडे उघडे, काही बंद असे चालतात. खाणं बहुधा आत काउंटरवर जाऊन स्वतः घ्यायचं, पेय टेबलावर येतं. आईंसाठी द्राक्षरस, बाबांना आधी ग्श्प्रिट्स्टर मागा, निम्मी वाइन निम्मा सोडा. दुपारच्या उन्हात तेच बरं. मग एक आख्टरल गेमिश्टर झात्स आणि लिप्टाउअर-पाव.

आणि तुम्ही नेमके श्टुर्मच्या दिवसांत येताय! आंबत असतानाचा, गढूळ, गोड, फसफसता रस, फक्त शरदात काही आठवडे मिळतो. कांद्याच्या खारट केकबरोबर खातात. जपून, सरबतासारखा जातो आणि नंतर कळतं.

फिरस्ती_सदा

भारीच! श्टुर्मची बाटली पुण्याला आणता येईल का? मोठ्या काकांना दाखवायची आहे.

दोनाऊकाठी

अजिबात नको. तो बाटलीतही आंबतच असतो, म्हणून झाकण मुद्दाम सैल ठेवतात, नाहीतर दाबाने फुटेल. दुकानातून ट्रामपर्यंत नेतानाही उभी धरायची. काकांना ग्र्युनर न्या, माणशी दोन लिटरपर्यंत शुल्काविना चालतं, कपड्यांत गुंडाळून चेक-इन बॅगेत. आणि सोलेट्टीचं पाकीट हातातल्या पिशवीत, नाहीतर पुण्यात चुराच पोचेल.